वेताचा पुतळा आणि वसंताचे गाणे

ही व्याख्यानमाला वसंतातली, आणि आज आम्ही घेतलेला विषयही एका परीने वसंताचाच आहे. मात्र त्यात जो वसंत येतो तो पाहून मनाला उल्हास वाटण्याऐवजी अंगावर काटा उभा राहतो. १९७३ साली ब्रिटनमध्ये ‘द विकर मॅन’ नावाचा एक चित्रपट निघाला. त्या वेळी त्याला फारसे कोणी विचारले नाही. एका तिकिटात दोन खेळ दाखविण्याची पद्धत तिकडे होती. तीत ‘डोन्ट लुक नाऊ’ या चित्रपटाच्या जोडीला दुय्यम खेळ म्हणून तो लावण्यात आला. आज पन्नासहून अधिक वर्षे लोटली आहेत, आणि त्याच चित्रपटाचे चाहते त्याच्या लहानमोठ्या प्रतींवरून, त्यातील एका गाण्यामागच्या आवाजावरून आणि त्यातील धर्म खरा की बनावट यावरून हमरीतुमरीवर येऊन वाद घालतात. इतका वाद ज्याच्याविषयी व्हावा असे या चित्रपटात आहे तरी काय, हे आज पाहावयाचे आहे.

आमच्या मते या साऱ्या वादांच्या तळाशी एकच प्रश्न आहे. या चित्रपटातली गाणी इतकी गोड का आहेत? भयपट म्हटला की किंकाळ्या, करकरणारी दारे आणि मध्यरात्रीचे वादळ अशी आपली अपेक्षा असते. येथे प्रेमगीते आहेत, शाळेतल्या मुलांची गाणी आहेत, अंगाई आहे. हा गोडवा भयावर उतारा म्हणून घातला आहे, की भय त्याच्याच पोटी जन्मास येते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगणे अवश्य आहे.

प्रथम नावाविषयी. लवचिक ओल्या डहाळ्या विणून टोपल्या, खुर्च्या, पाळणे करतात, त्या कामाला इंग्रजीत ‘विकर’ म्हणतात. आपल्याकडील बुरूडकामाचाच हा प्रकार. ‘विकर मॅन’ म्हणजे अशा विणकामाचा माणूस, वेताचा पुतळा. तो केवढा आणि कशासाठी, हे चित्रपटाच्या अगदी शेवटी कळते.

नील हॉवी नावाचा पोलीस सार्जंट स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर नोकरीस आहे. कडवा ख्रिस्ती, नियमाचा पक्का, लग्न ठरलेला पण ब्रह्मचारी. त्याला एक निनावी पत्र येते. समरआइल नावाच्या बेटावरची रोवन मॉरिसन ही मुलगी बरेच दिवस बेपत्ता आहे, असा त्यात मजकूर असतो. हॉवी पाण्यावर उतरणारे लहान विमान घेऊन एकटाच बेटावर जातो. लोक त्याला हसतमुखाने भेटतात, आणि अशी मुलगी येथे नव्हतीच म्हणून सांगतात. तो खाणावळीत उतरतो, शाळेत जातो, स्मशान पाहतो, आणि त्याच्या ध्यानात येते की या बेटावर ख्रिस्ती धर्म उरलेला नाही. लोक सूर्याला आणि फळबागांच्या देवतांना भजतात. मेच्या पहिल्या तारखेला उत्सव आहे, गेल्या वर्षी फळे आली नव्हती, आणि रोवनचा बळी जाणार आहे, असा त्याचा तर्क होतो. मुलीला वाचविण्यासाठी तो विदूषकाचा वेष घालून मिरवणुकीत शिरतो. मुलगी त्याला सापडते, दोघेही पळतात, आणि तीच त्याला गावकऱ्यांच्या हाती आणून सोडते. बळी मुलीचा द्यावयाचा नव्हताच. जो आपल्या इच्छेने आला, जो राजसत्तेचा अधिकार घेऊन आला, जो ब्रह्मचारी राहिला आणि ज्याने मूर्खाचे सोंग घेतले, असा पुरुष त्यांना हवा होता. समुद्रकाठच्या कड्यावर वेताचा भला थोरला पुतळा उभा असतो. त्याच्या पोटात मुकी जनावरे कोंडलेली असतात. हॉवीला त्यात चढवून पुतळ्याला आग लावतात, आणि सारा गाव हातात हात घालून, डोलत, आनंदाने गाऊ लागतो.

जुने किती आणि नवे किती

चाहत्यांच्या वादातला पहिला मोठा मुद्दा हा की, या बेटावरचा धर्म खरोखरीच प्राचीन आहे काय? पटकथा लिहिणारा अँथनी शाफर आणि दिग्दर्शक रॉबिन हार्डी यांनी जुन्या ग्रंथांचे वाचन पुष्कळ केले होते. कथेचे बीज डेव्हिड पिनर यांच्या १९६७ सालच्या ‘रिच्युअल’ या कादंबरीतून आले, पण शाफरने ते पार बदलून टाकले. चित्रपटातील विधींची सामग्री मुख्यतः सर जेम्स फ्रेझर यांच्या ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथातून घेतलेली आहे. १८९० साली दोन खंडांत निघालेला हा ग्रंथ पुढे वाढत वाढत बारा खंडांचा झाला. पीक यावे म्हणून राजाचा किंवा राजाच्या प्रतिनिधीचा बळी देण्याची चाल जगभर होती, असे फ्रेझर यांचे प्रतिपादन होते. त्यांनी ही माहिती जगभरच्या पुस्तकांतून आणि पत्रांतून गोळा केली, आणि देशोदेशींचे तुकडे एकत्र जुळवून एकच चित्र उभे केले. आजचे मानववंशशास्त्रज्ञ ते चित्र जसेच्या तसे मान्य करीत नाहीत.

वेताच्या पुतळ्याचा आधार याहून जुना आहे, पण अधिक भक्कम आहे असे म्हणवत नाही. ज्यूलियस सीझरने आपल्या गॉल देशावरील स्वाऱ्यांच्या वृत्तांतात, सहाव्या भागात, असे लिहून ठेवले की तेथील लोक डहाळ्यांनी विणलेले प्रचंड पुतळे करतात, त्यांत जिवंत माणसे भरतात आणि पुतळे पेटवून देतात. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकारानेही तसेच सांगितले आहे. परंतु सीझर हा त्या लोकांना जिंकावयास निघालेला सेनापती होता, आणि जिंकणाराने जितांच्या क्रौर्याची वर्णने लिहावीत यात नवल नाही. शिवाय त्याने लिहिले ते गॉलविषयी, म्हणजे मुख्यतः आजच्या फ्रान्सविषयी. स्कॉटलंडातील बेटांचा त्यात संबंध नाही. १६७६ साली एलेट सॅम्स या इंग्रज लेखकाने आपल्या पुस्तकात या पुतळ्याचे चित्र छापले, आणि तेच पुढे लोकांच्या मनात ठसून राहिले.

तेव्हा जुने म्हणून जे दाखविले आहे ते बरेचसे ग्रंथांतून जुळविलेले आहे, असे म्हणणारांची बाजू खरी ठरते. पण येथेच चित्रपटाची खरी खुबी आहे. ही गोष्ट चित्रपट लपवीत नाही. बेटाचा मालक लॉर्ड समरआइल हॉवीला आपल्या घराण्याचा इतिहास स्वतःच सांगतो. त्याचा आजोबा हा एकोणिसाव्या शतकातला शास्त्रज्ञ, शेतीचा अभ्यासक आणि धर्माविषयी स्वतंत्र मताचा. १८६८ साली त्याने हे उजाड बेट विकत घेतले. ज्वालामुखीची माती आणि समुद्राचा उबदार प्रवाह यांच्या बळावर या थंड मुलखातही फळे पिकतील असा त्याचा हिशोब होता. लोक आळसावलेले आणि निराश झालेले होते. त्यांना कामाला लावण्यासाठी त्याने त्यांचे जुने देव त्यांना परत दिले. नवी जातिवंत झाडे लागली, फळे लगडली, आणि लोकांनी श्रेय देवांना दिले. पाद्री बेट सोडून गेले. आजोबाने जे सोयीसाठी केले ते मुलाने प्रेमाने केले, आणि नातू त्या धर्मातच वाढला.

म्हणजे या बेटाचा सनातन धर्म चित्रपटाच्या काळी जेमतेम शंभर वर्षांचा आहे, आणि तो एका बागाइतदाराने मजूर मिळावेत म्हणून उभारला आहे. तीन पिढ्यांत त्याची श्रद्धा झाली, आणि श्रद्धेला आता माणसाचा बळी हवा आहे. प्राचीन रानटीपणा अचानक वर आला, अशी ही कथा नाही. शहाण्या माणसाने हिशोबाने बांधलेली गोष्ट हिशोबाबाहेर कशी जाते, त्याची ही कथा आहे. ख्रिस्तोफर ली या नटाने ही भूमिका अतिशय सभ्य, हसऱ्या, सुसंस्कृत माणसाची म्हणून वठविली. ड्रॅक्युलाच्या भूमिकांनी गाजलेल्या या नटाने या कामाचे मानधन घेतले नाही, आणि जन्मभर तो याची गणना आपल्या उत्तम चित्रपटांत करीत राहिला.

नव्या चालीची जुनी गाणी

आता संगीताकडे वळू. आजोबाने जे धर्माचे केले तेच संगीतकाराने गाण्यांचे केले आहे, असे आम्हांस वाटते. संगीतकार पॉल जोव्हानी हा अमेरिकन होता. नाटकात काम करणारा, नाटके बसविणारा आणि गाणाराही. त्याच्या मदतीस गॅरी कार्पेंटर हा तरुण संगीतकार आणि ‘मॅग्नेट’ या नावाने एकत्र आलेले तरुण वादक होते. गिटार, व्हायोलिन, लाकडी बासरी, काँसर्टिना अशी साधी वाद्ये त्यांनी घेतली. मोठा वाद्यवृंद ठेवला नाही. त्यामुळे गाणी पडद्यामागून येत नाहीत. ती गावातून, खाणावळीतून, शाळेच्या पटांगणातून उठतात असे वाटते. चित्रपटातील पात्रेच ती गातात. दिग्दर्शक याला संगीतिका म्हणत असे, ते उगाच नव्हे.

चित्रपट सुरू होतो तो रॉबर्ट बर्न्सच्या शब्दांनी. बर्न्स हा स्कॉटलंडचा लाडका कवी. १७९६ साली डम्फ्रीस येथे तो वारला, आणि चित्रपटाचे बरेचसे चित्रण त्याच डम्फ्रीस व गॅलोवे मुलखात झाले. बार्लीच्या शेतातील प्रीतीची त्याची ही कविता लॅमस सणाच्या, म्हणजे ऑगस्टच्या आरंभीच्या रात्रीची आहे. तिला जुनी पारंपरिक चाल होती. जोव्हानीने ती सोडून नवी चाल बांधली, आणि ऐकणाराला मात्र ती शंभर पिढ्यांची वाटते. दुसरे एक गाणे खरोखरीच लोकगीत आहे. सेसिल शार्प या गृहस्थाने १९०३ पासून सॉमरसेटच्या खेड्यांतून लोकगीते जमविली, त्या गोतावळ्यातले ते. शार्प यांनी शाळांतून शिकविण्यासारखी व्हावीत म्हणून अशी कित्येक गाणी सोवळी करून छापली. चित्रपटाने त्यांचा मूळचा रंगेलपणा त्यांना परत दिला. गंमत अशी की या बेटावर तीच रंगेल गाणी शाळेत शिकविली जातात.

शाळेचा तो प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. पटांगणात मुले मे महिन्याच्या खांबाभोवती फिती धरून नाचतात. आपल्याकडील गोफ ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो नाच ओळखीचा वाटेल. मुलांचे गाणे साखळीचे आहे. झाडाला फांदी, फांदीवर घरटे, घरट्यात अंडे, अंड्यातून पक्षी, पक्ष्याचे पीस, पिसांची शय्या, शय्येवर मुलगी, मग पुरुष, बीज, मुलगा, त्याचा झालेला माणूस, त्या माणसाचे थडगे, आणि थडग्यावर पुन्हा झाड. लहान मुलांना ठेका शिकविणारे असे गाणे कोणत्याही गावात असते. पण येथे ते नुसते गाणे नाही. शिक्षिका मिस रोझ हॉवीला समजावते की मेलेले माणूस झाडात, अग्नीत, पाण्यात, जनावरांत परत जाते. या बेटावर थडग्यावर झाड लावतात. ज्या गावात कोणी मरतच नाही, त्या गावाला कोणाला मारणे जड जाणार कसे? सबंध चित्रपटाचा उलगडा मुलांनी पहिल्या अर्ध्या भागातच गाऊन टाकलेला असतो. हॉवी ते ऐकतो आणि केवळ अश्लील म्हणून संतापतो. गाण्यातील अर्थ त्याच्या कानावर पडूनही त्याला ऐकू येत नाही.

भिंतीपलीकडचा आवाज

चाहत्यांचे सर्वांत लाडके गाणे विलोचे. विलो ही खाणावळवाल्याची मुलगी. येथे नावांकडे लक्ष द्यावे. विलो, रोवन, मर्टल आणि खाणावळवाला अल्डर, ही सारी झाडाझुडपांची नावे आहेत. विलोच्याच डहाळ्यांनी वेताचे काम विणतात. रात्री शेजारच्या खोलीत ही तरुणी विवस्त्र होऊन गाते, भिंतीवर थापा मारते, आणि पलीकडे हॉवी घामाने डबडबून, दार न उघडता, रात्र काढतो. चाल अशी हळुवार आहे की ती अंगाई की मोहिनी हे ठरविता येऊ नये.

या आवाजावरून बराच वाद माजला. भूमिका ब्रिट एकलंड या स्वीडिश नटीने केली. पण तिचे बोलणे अ‍ॅनी रॉस या गायिकेच्या आवाजात भरण्यात आले. म्हणून गाणेही रॉसचेच, असे वर्षानुवर्षे मानले गेले. पुढे गाणाऱ्या आवाजाचे श्रेय रेचेल व्हर्नी हिच्याकडे जाऊ लागले, आणि आता बहुतेक जाणकार तेच मानतात. एका चेहऱ्यामागे तीन स्त्रिया अशी ही रचना आहे. आम्हांस ती चित्रपटाला शोभतेशी वाटते. येथे प्रत्येक गोड गोष्टीच्या मागे कोणी दुसरेच उभे असते.

त्याहून मोलाचा वाद या गाण्याच्या हेतूविषयी आहे. बळीचा पुरुष ब्रह्मचारी हवा. मग हॉवीने त्या रात्री दार उघडले असते तर? तो बळीस अपात्र ठरला असता आणि वाचला असता. काही म्हणतात, विलो त्याची परीक्षा घेत होती. काही म्हणतात, तो त्याला मिळालेला शेवटचा सुटकेचा मार्ग होता. आमच्या मते दोन्ही खरे आहे, आणि त्यातच या कथेचे कारुण्य साठविले आहे. ज्या निष्ठेने हॉवी माणूस म्हणून आपल्या आदरास पात्र होतो, त्याच निष्ठेने तो मरणास पात्र होतो.

येथे चित्रपटाच्या निरनिराळ्या प्रतींचा प्रश्न येतो. १९७३ साली चित्रपटगृहांत आलेली प्रत सुमारे ८८ मिनिटांची होती. तीत हॉवी बेटावर एकच रात्र काढतो आणि त्याच रात्री विलोचे गाणे येते. मोठ्या प्रतीत रात्री दोन आहेत. पहिल्या रात्री एका कोवळ्या तरुणाला विलोकडे आणतात, खाली खाणावळीत स्वतः जोव्हानी ते लोकगीत गातो, आणि हॉवी वर एकटा ऐकत असतो. दुसऱ्या रात्री विलोचे गाणे त्याच्यासाठी. गाणी मोजकीच कापली, पण कथेचा तोल बदलला. कारण एका रात्रीचा मोह आणि दोन रात्रींचा मोह यांत अंतर आहे. मूळ निगेटिव्ह हरवली. ती एका मोटाररस्त्याच्या भरावात गाडली गेली अशी आख्यायिका आहे. रस्त्याच्या पायात चित्रपटाचाच बळी गेला म्हणावयाचा! अमेरिकेतील निर्माते रॉजर कॉर्मन यांच्याकडे पाठविलेल्या प्रतीमुळे मोठे रूप वाचले. २०१३ साली, हार्वर्डच्या चित्रपटसंग्रहात मिळालेल्या प्रतीच्या आधारे, दिग्दर्शकाच्या संमतीने मधल्या लांबीची आवृत्ती निघाली. गाण्यांची ध्वनिमुद्रिकाही प्रथम १९९८ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी, एका लहान कंपनीने काढली, आणि २००२ साली दुसरी आली. जोव्हानी १९९० सालीच वारला होता. आपली गाणी लोकांच्या तोंडी बसलेली त्याने पाहिली नाहीत.

कड्यावरची दोन गाणी

आता शेवटच्या प्रसंगाकडे येऊ. पुतळा पेटतो. त्याच्या आत हॉवी तेविसावे स्तोत्र गातो, ज्यात परमेश्वराला मेंढपाळ म्हटले आहे. खाली गावकरी ‘समर इज इकमन इन’ हे इंग्रजीतले अतिप्राचीन गाणे गातात. उन्हाळा आला, बी रुजले, कुरण फुलले, कोकिळा गाते, मेंढी आपल्या कोकरासाठी हंबरते, असा त्याचा भाव. एका गाण्यात मेंढपाळ, दुसऱ्यात मेंढी आणि कोकरू; आणि पुतळ्याच्या पोटात जनावरे खरोखरीच ओरडत असतात. दोन धर्म समोरासमोर उभे आहेत आणि दोघांच्याही ओठी मेंढरांचेच गाणे आहे.

हे दुसरे गाणे आपण निव्वळ निसर्गपूजकांचे समजतो. पण त्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. ते तेराव्या शतकातले असून त्याचे हस्तलिखित रेडिंग येथील ख्रिस्ती मठाशी निगडित आहे. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. गाण्याची रचना फेरगाण्याची. एकाने सुरुवात करावयाची, तो थोडा पुढे गेला की दुसऱ्याने तेच पहिल्यापासून उचलावयाचे, मग तिसऱ्याने, मग चौथ्याने. खाली दोन आवाज एक लहानसे पालुपद धरून बसतात. कोणी केव्हाही शिरला तरी सूर बिघडत नाही. गाणे आपोआप संपत नाही, गाणारे थांबले तरच थांबते.

आणि त्याच पानावर, त्याच सुरांखाली, लॅटिन भाषेतले दुसरे शब्द लिहिलेले आहेत. ते उन्हाळ्याचे नाहीत, ख्रिस्ताच्या बलिदानाचे आहेत. त्यांचा आशय असा की स्वर्गातील त्या शेतकऱ्याने द्राक्षवेलीला लागलेल्या दोषापायी आपल्या पुत्राचीही गय केली नाही, त्याला मरणाच्या हवाली केले. शेतकरी, बिघडलेले पीक आणि त्यासाठी दिलेला निरपराध जीव! समरआइलच्या गावकऱ्यांची सारी कथाच त्या सुरांखाली सातशे वर्षे लिहून ठेवलेली होती, आणि ती ख्रिस्ती माणसाने लिहिली होती. चित्रपटकर्त्यांनी हे जाणून केले, असा आमचा दावा नाही. पण हॉवी आणि लॉर्ड समरआइल यांचे धर्म आपल्याला वाटतात तितके परके नाहीत, हे त्या एका पानाने सिद्ध होते. लॉर्ड समरआइल हॉवीला सांगतोच की आम्ही तुला तुझ्या धर्मातले दुर्मीळ भाग्य देत आहोत, हुतात्म्याचे मरण.

मग चित्रपट कोणाच्या बाजूचा? चाहत्यांत दोन तट आहेत. हॉवी कोरडा, हेकट, कोणावर हसू न जाणणारा. गावकरी मोकळे, आनंदी, निसर्गाशी जवळीक असलेले. म्हणून कित्येकांचे मन गावाकडे ओढते. दुसरे म्हणतात, एका माणसाला जिवंत जाळणाऱ्यांचा आनंद कसला वाखाणता? एडवर्ड वुडवर्ड या नटाने हॉवीला असे उभे केले आहे की आपण त्याच्यावर प्रेम करीत नाही, पण शेवटी त्याच्याबरोबर जळतो.

त्या क्षणी हॉवी एक वाक्य उच्चारतो, ते विसरता येत नाही. पीक गेले ते झाडे या मातीला परकी आहेत म्हणून; मला जाळून ती फळणार नाहीत; आणि पुढल्या वर्षी पुन्हा पीक गेले तर लोकांना तुझा, खुद्द मालकाचाच, बळी लागेल. सबंध चित्रपटात विवेकाचे असे वाक्य दुसरे नाही. लॉर्ड समरआइल क्षणभर चरकतो, आणि फळे येतील एवढेच ठासून म्हणतो. त्या वाक्याला उत्तर कोणीच देत नाही. त्याला उत्तर मिळते ते गाण्याने. शंका एकाच माणसाच्या तोंडी असते, गाणे साऱ्या गावाच्या. फेरगाण्यात कोणीही केव्हाही शिरू शकतो असे आम्ही म्हणालो. त्यात शंकेला शिरावयास मात्र जागा नसते.

आता आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. गाणी गोड आहेत, कारण भय त्यांच्याच पोटी जन्मास येते. त्या कड्यावर कोणाच्या मनात द्वेष नाही. कोणी दात-ओठ खात नाही. द्वेषाने माणूस मारणारे थकतात, त्यांना केव्हा तरी लाजही वाटते. प्रेमाने, एका सुरात, फुलांच्या माळा घालून मारणाराला थांबविणारे आतून काहीच उरत नाही. जुन्या परंपरेचे नाव, सुरेल कंठ आणि शेजाऱ्याचा हातात आलेला हात, एवढ्या तीन गोष्टी जमल्या की साधी, कष्टाळू, अतिथ्यशील माणसे काय करू शकतात, हे तेथे दिसते. त्या तीनही गोष्टी स्वतः वाईट नाहीत. त्या चांगल्या आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी सावध राहणे अवघड जाते.

चित्रणाची एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. कथा वसंतातली, पण चित्रण १९७२ च्या शरदात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाले. झाडांवर खोटी फुले बांधावी लागली. थंडीने तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नट चित्रणाआधी बर्फाचे खडे चोखीत. पडद्यावर जो वसंत आपल्याला भुलवितो तो असा होता. तो खरा ठरला तो गाण्यांमुळे.

हा चित्रपट आज ‘फोक हॉरर’, म्हणजे लोकसमजुती आणि खेड्यांचा मुलूख यांतून भय उभारणाऱ्या चित्रपटांत अग्रभागी गणला जातो. १९६८ चा ‘विचफाइंडर जनरल’ आणि १९७१ चा ‘ब्लड ऑन सेटन्स क्लॉ’ यांच्यासह त्याची त्रयी मानतात. मार्क गॅटिस यांच्या २०१० सालच्या बीबीसी मालिकेने ही संज्ञा सर्वतोमुखी केली. २००६ साली अमेरिकेत त्याची नवी आवृत्ती निघाली, पण तीत ही गाणी नव्हती, आणि चाहत्यांनी तिला आपले म्हटले नाही. उलट १९९६ साली ‘स्नीकर पिम्प्स’ या इंग्रज वृंदाने विलोचे गाणे नव्या ढंगाने गायिले, आणि ज्यांनी चित्रपटाचे नावही ऐकले नव्हते अशांच्या ओठी ते गेले. गॅलोवेच्या मुलखात पुढे कित्येक वर्षे, २०१५ पर्यंत, याच नावाचा संगीतोत्सव भरत असे, आणि त्याच्या अखेरीस वेताचा पुतळा जाळीत. अर्थात रिकामा.

शेवटी एक कबुली देऊन हे विवेचन पुरे करतो. आम्ही हा चित्रपट प्रथम पाहिला त्या रात्री आम्हांस नीट झोप आली नाही. सकाळी दाढी करताना काहीतरी गुणगुणत होतो. घरातून विचारणा झाली, चाल छान आहे, कसली? तेव्हा ध्यानात आले की ते कड्यावरचे गाणे होते. हॉवीचे स्तोत्र आमच्या ओठी आले नव्हते. रात्रभर ज्याच्यासाठी हळहळलो त्या माणसाला जाळणारांचेच गाणे सकाळी आमच्या तोंडी होते, आणि ते तेथे केव्हा शिरले ते आम्हांस कळलेही नव्हते.